मुंबईला चार दिवस जाणार आहोत, आठवणीत राहील असं जेवण कुठे जेवावं?

तुम्ही लिहिलंय की बायको, मुलगी आणि आईला घेऊन चार दिवस मुंबईला जाताय, उतरायची सोय नातेवाइकांकडे आहे, पंचतारांकित काही नको, पण घरी परतल्यावरही विषय निघेल अशी जेवणं हवीत. आई शाकाहारी, बाकी सगळे सगळं खाणारे.

मी कोल्हापूरचा. आमचा जमिनीचा दावा हायकोर्टात वर्षानुवर्षं पडून होता, त्यामुळे महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघायचं आणि सकाळी सीएसएमटीला उतरायचं हे अंगवळणी पडलेलं. तारीख पडली की उरलेला दिवस मोकळा. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालं आणि मुंबईला जायचं अधिकृत कारण संपलं. आता जातो ते खायलाच, फक्त घरी तसं सांगत नाही.

एक गोष्ट आधी सांगतो. मुंबईत कुठे जेवायचं यापेक्षा कधी जेवायचं ते आधी ठरवा. तिथली जुनी हॉटेलं बहुतेक चैनीसाठी निघालेली नाहीत. गाव सोडून आलेल्या कारकुनांचं, गिरणी कामगारांचं, गोदीतल्या माणसांचं पोट भरायला ती निघाली. त्या माणसांच्या कामाच्या वेळा त्याच त्या हॉटेलांच्या वेळा. त्या वेळेला गेलात तर पदार्थ तव्यावरून थेट पानात येतो. रिकाम्या वेळी गेलात तर नुसता फोटो काढून याल.

सकाळ इराण्याकडे. सीएसएमटीवरून मेट्रो सिनेमाच्या दिशेने चालत गेलं की धोबीतलावला कयानी आहे, 1904 पासूनचं. बन मस्का, पाणी कम चहा आणि अकुरी मागवा. अकुरी म्हणजे पारशी पद्धतीची, जराशी ओलसर ठेवलेली अंडा भुर्जी. बाकीच्यांनी खिमा पाव घ्यावा. आईंना अंडं चालत नसेल तर बन मस्का आणि खारी, मावा केक नको. साडेदहा-अकरापर्यंत जाऊन यावं.

दुपारी बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया. 1923 चं. आजूबाजूला बंदराशी आणि जहाजांशी संबंधित कचेऱ्या, म्हणून हे मुळात दुपारच्या जेवणाचं ठिकाण. इथला बेरी पुलाव मागवा, मटणाचा किंवा चिकनचा. वर ज्या लाल आंबट बेरी दिसतात त्या इराणच्या, झरेश्क म्हणतात त्यांना. मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नी इराणमध्ये नोकरीला होत्या, तिथून त्यांनी हा पदार्थ आणला. कोहिनूर स्वतः म्हातारपणीही टेबलाटेबलापाशी जाऊन ऑर्डर घ्यायचे आणि इंग्लंडच्या राणीबद्दल भरभरून बोलायचे. 2016 मध्ये प्रिन्स विल्यम मुंबईत आला तेव्हा त्याला भेटलेसुद्धा. 2019 मध्ये ते गेले. पुलाव आहे तसाच आहे. तिथे मटण मागवताना कोल्हापूर विसरा. तिखट शोधत बसलात तर पुलाव हातचा जाईल. शेवटी कॅरमेल कस्टर्ड घ्यायचंच. आईंसाठी भाजीचा बेरी पुलाव मिळतो, पण खरं सांगायचं तर तो उगाच आहे. आईंची दुपार माटुंग्यासाठी राखून ठेवा.

माटुंग्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मते शाकाहारी माणसाला मुंबईत याहून चांगलं जेवण मिळत नाही. दक्षिणेतून नोकरीला आलेले स्टेनो, टायपिस्ट, हिशेबनीस या भागात राहिले आणि त्यांच्या मागोमाग उडुपीकडची माणसं चुली घेऊन आली. म्हैसूर कॅफे 1936 चं, कॅफे मद्रास 1940 चं, आणि मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनला लागून पहिल्या मजल्यावर रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 चं. एकट्या राहणाऱ्या माणसाला घरासारखं, माफक पैशात, रोज न कंटाळता खाता येईल असं जेवण द्यायचं, हा तिथला हिशेब आजही चवीत लागतो. मसाला हलका, तेल बेताचं. केळीच्या पानावर भाजी, कोशिंबीर, सांबार, मग रसम, मग ताक. वाढपी उभ्या उभ्या वाढून पुढच्या पानाकडे सरकतो, तेव्हा काय हवं ते त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगायचं. शेजारी अनोळखी माणूस बसेल, तोंडभर हसेल आणि गप्प जेवेल. माझी आई अगदी सोवळ्यातली. ती इथे रसम दोनदा मागून प्याली आणि खाली उतरताना एवढंच म्हणाली, "स्वच्छ आहे." तिच्या तोंडून हॉटेलाबद्दल याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

जेवणाऐवजी नाश्ता करायचा असेल तर कॅफे मद्रासला जा. रसम वडा आणि पोडी, म्हणजे डाळी-मिरचीची कोरडी चटणी, लावलेला डोसा. रविवारी सकाळी बाहेर नाव लिहून फूटपाथवर उभं राहावं लागतं. माटुंग्यातली ही ठिकाणं सोमवारी बंद असतात हे लक्षात ठेवून बेत आखा.

आता मासे. दादर पश्चिमेला सिंधुदुर्ग, गोमांतक, चैतन्य अशी मराठी खानावळीच्या वळणाची हॉटेलं आहेत. माझं मन त्यांच्याकडे ओढतं, कारण खानावळ हा गिरणगावाचा आत्मा होता. परळ-लालबागच्या चाळींतून बायका गिरणीतल्या माणसांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालायच्या. त्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, जेवणारे पांगले, पण मालवणी ताटाची मांडणी तीच राहिली: तळलेला एक तुकडा, वाटीभर कालवण, भात, भाकरी, सोलकढी. सुरमई सगळीकडे मिळते. तुम्ही ओले बोंबील मागवा. आम्हा घाटावरच्यांना बोंबील म्हणजे सुकट एवढंच माहीत. ताजा बोंबील पाण्याने भरलेला असतो, म्हणून तो चिरून वजनाखाली दाबतात आणि मग रवा लावून तळतात. बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखा. सोबत तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं मिळालं तर सोडू नका.

तिथेही वेळ पाळा. रविवारी दुपारी जाऊ नका, अख्खं दादर तिथे असतं. सोमवार, गुरुवार किंवा संकष्टीला अर्धी मराठी गिऱ्हाइकं घरी वरणभात खात असतात, तेव्हा जागा सहज मिळते आणि वाढपी निवांत असतो. आणि जून-जुलैत जात असाल तर मासळीवर फार भर देऊ नका. राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, बराचसा माल बर्फातला असतो. नारळी पौर्णिमेनंतर बघा.

मेनूकार्डावर किंमतीच्या जागी "एपीएस" लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा. म्हणजे आकारानुसार भाव. दक्षिण मुंबईतल्या एका नावाजलेल्या ठिकाणी खेकडा आणि पापलेट मागवून आम्ही चौघांनी जे बिल पाहिलं, त्यात परतीची तिकिटं निघाली असती. चव वाईट नव्हती. पण आधी वजन आणि भाव विचारायचा, लाजायचं नाही. विचारलं की वेटर निमूट सांगतो.

मिसळीचं म्हणाल तर दादरच्या आस्वादच्या मिसळीला 2015 मध्ये लंडनमध्ये जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून पुरस्कार मिळाला होता. कोल्हापूरकराने यावर काय बोलावं! आस्वादला जा, थालीपीठ खा, पुढचं मी बोलत नाही.

रमजान चालू असेल तर एक रात्र मोहम्मद अली रोडला. इफ्तारनंतर गर्दीला भरती येते. मिनारा मशिदीच्या गल्लीत कबाब, भेंडी बाजारच्या नूर मोहम्मदीत नल्ली निहारी (नळीच्या हाडांसकट मंद आचेवर शिजवलेलं मांसाचं कालवण), शेवटी सुलेमान उस्मानचा मालपुवा. मुलगी लहान असेल तर नऊच्या आत उरका. रमजान नसेल तर निहारीपुरतं गेलात तरी चालेल.

कुलाब्यातली परदेशी पाहुण्यांनी भरलेली कॅफे मी सरळ वगळेन. मॉलमधल्या फूड कोर्टात तर तुम्ही पुण्यातही बसू शकता.

आईंचा एखादा उपास चार दिवसांत येणारच. त्या दिवशी दादरला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष. दुपारी चारच्या सुमारास जा, वडे सारखे निघत असतात. आणि पीयूष एकाच्यात दोघांनी घ्या, गोड बरंच असतं.