शिकागोला येऊन बँडमध्ये वाजवायचंय म्हणतोस, त्यावर जरा सविस्तर

तुझा मेसेज दोनदा वाचला. वय 24, इंजिनिअरिंग झालंय, संभाजीनगरला तीन वर्षं बँड चालवतोयस, आणि आता 40 लाखांचं कर्ज काढून शिकागोला म्युझिकचा कोर्स करायचा नि मग इकडेच एखाद्या रॉक बँडमध्ये शिरायचं असा विचार आहे. उदाहरण गिटारिस्ट-गायक टॉमी शॉचं दिलंयस, की तोही लहान गावातून शिकागोला आला आणि इथल्या स्टिक्स या रॉक बँडमध्ये जाऊन वीस-वीस हजार लोकांसमोर वाजवायला लागला. मी इकडे पंधरा वर्षं आहे, नोकरी सांभाळून वीकेंडला वाजवतो, आणि टॉमी शॉ माझाही लाडका, म्हणून मनापासून लिहितोय. त्याची गोष्ट तू अर्धीच ऐकलीयस बघ.

तो अलाबामातल्या मॉन्टगोमेरीचा, जन्म 1953. शाळा संपली की घर सोडून नॅशविलला गेला, तिथे बँडमध्ये वाजवलं, मग एमएसफंक नावाच्या बँडबरोबर गावोगाव फिरत शिकागोला पोचला आणि इथल्या क्लबांमध्ये वाजवायला लागला. इथपर्यंत तुला माहितीय. पण पुढे तो बँड मोडला आणि हा गडी परत मॉन्टगोमेरीला गेला! घरी जाऊन जुन्या मित्रांबरोबर एका बोलिंग अ‍ॅलीच्या लाउंजमध्ये वाजवत होता, म्हणजे शेजारी लोक बोलिंग खेळतायत आणि हा कोपऱ्यात गातोय. 1975 च्या शेवटी स्टिक्सचा गिटारिस्ट जॉन कुरुलेव्स्की ऐन टूरच्या तोंडावर बाहेर पडला, त्यांना लगेच माणूस हवा होता, आणि कुणाला तरी शिकागोच्या क्लबात ऐकलेला हा पोरगा आठवला. फोन आला तेव्हा तो शिकागोत नव्हताच रे. शिकागोत होता तेव्हा जे वाजवलं ते लोकांच्या कानात राहिलं होतं, त्याचा फोन होता तो.

आणि ऑडिशनला काय झालं ते नीट ऐक, कारण मला तुला मुख्य हेच सांगायचंय. गिटारवर त्याची फारशी परीक्षा झालीच नाही. ‘लेडी’ हे त्यांचं गाणं होतं, 1973 चं, पण शिकागोच्या डब्ल्यूएलएस रेडिओने उचलून धरल्यावर 1975 ला हिट झालेलं, त्यात मुख्य गायकाच्या जोडीने गायचा वरच्या पट्टीतला हार्मनीचा आवाज लागतो, तो कुरुलेव्स्की गेल्यामुळे कमी पडत होता. शॉने तो सूर लावला आणि काम झालं. तू मला चार व्हिडिओ पाठवलेस, चारही गिटार सोलोचे, बोटं छान चालतात, खरंच छान, पण एकाही व्हिडिओत तू गात नाहीयेस. इथे प्रत्येक गल्लीत तुझ्याइतका फास्ट वाजवणारा पोरगा सापडेल, पण दुसऱ्याच्या आवाजाच्या वर आपला आवाज बरोब्बर ठेवून रात्री तीन तास न फाटता गाणारा शोधायला गेलं तर मिळत नाही. दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या आमच्या साध्या वीकेंडच्या कव्हर बँडमध्येसुद्धा आम्ही आठ महिने असा माणूस शोधत होतो.

तो लिहायचा कसा तेही बघ. 1976 चा अल्बम ‘क्रिस्टल बॉल’, त्याचं टायटल गाणं याचंच, म्हणजे बँडमध्ये आल्या आल्या. ‘ब्लू कॉलर मॅन’ 1978 चं, रेल्वेतली नोकरी गेलेला एक मित्र बेकारभत्त्याच्या रांगेत उभा राहतो, त्याच्यावरून सुचलेलं, आणि त्याचा रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, बोटीचं इंजिन सुरू होता होता बंद पडत होतं त्या आवाजावरून. ‘बोट ऑन द रिव्हर’मध्ये तर इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवून मँडोलिन घेतलं, आणि ते गाणं युरोपात गाजलं. ‘पॅराडाइज थिएटर’ हा अल्बम 1981 ला बिलबोर्डला एक नंबरवर गेला, नाव शिकागोच्याच एका 1928 च्या थिएटरवरून, जे 1956 साली बंद झालं आणि मग पाडून टाकलं. त्यातलं ‘टू मच टाइम ऑन माय हँड्स’ शॉचं. मग ‘किलरॉय वॉज हिअर’ या अल्बमच्या वेळी सगळं नाटकासारखं झालं, वेशभूषा, संवाद, त्याला ते मानवेना, तो बाहेर पडला, 1984 ला त्याचा सोलो अल्बम आला. तरी हा थांबला नाही, टेड न्यूजंट आणि जॅक ब्लेड्स या रॉकवाल्यांबरोबर डॅम यँकीज हा बँड काढला, ‘हाय इनफ’ 1991 ला तीन नंबरला गेलं, आणि नव्वदच्या दशकातच परत स्टिक्समध्ये आला तो आजतागायत. 2011 ला ब्लूग्रासचा, म्हणजे अमेरिकन लोकसंगीताच्या ढंगाचा, अल्बमही केला. मी त्यांना एका उन्हाळ्यात उपनगरातल्या ओपन एअर थिएटरमध्ये ऐकलं, साठी ओलांडलेला माणूस ‘रेनेगेड’ची पहिली ओळ जवळजवळ एकट्याच्या आवाजात उचलतो आणि ड्रम यायच्या आधी अख्ख्या मैदानात चिडीचूप, माझ्या अंगावर काटा आला, आत्ता लिहितानाही आला.

आता तुझ्या आणि त्याच्यातला मोठा फरक. तो अमेरिकन होता. मॉन्टगोमेरीहून शिकागोला यायला त्याला गाडीत पेट्रोल टाकणं पुरेसं होतं, तुला व्हिसा लागतो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर तू शिकायला येणार, कॉलेजच्या आवारात आठवड्याला 20 तास काम चालतं, पण बाहेर बारमध्ये पैसे घेऊन वाजवलंस तर ते परवानगीशिवाय केलेलं काम धरतात, रोख 50 डॉलर घेतले तरी. डिग्रीनंतर ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची तात्पुरती परवानगी, मिळते, 12 महिने. त्यात म्युझिकवाल्यांना वेगवेगळे गिग, म्हणजे वाजवायचे कार्यक्रम, करता येतात, पण कुठे, कधी, कुणासाठी वाजवलं याची यादी ठेवावी लागते. त्या 12 महिन्यांनंतर काय, हे तुझ्या मेसेजमध्ये कुठेच नाहीये. ओ-1 व्हिसा कलाकारांसाठी आहे पण त्यासाठी नाव झालेलं असावं लागतं, कात्रणं, पुरस्कार, मोठ्या कार्यक्रमांचे पुरावे, आणि अर्ज इथल्या एजंटने किंवा कंपनीने करायचा असतो, स्वतःचा स्वतः करता येत नाही. पी-1 अख्ख्या बँडसाठी, तो आंतरराष्ट्रीय पातळीवर ओळखला जाणारा पाहिजे आणि तीन चतुर्थांश मेंबर किमान वर्षभर एकत्र असले पाहिजेत. टुरिस्ट व्हिसावर येऊन वाजवतो म्हणशील तर ते डोक्यातून काढच.

मला स्वतःला इथल्या एका सल्लागाराने सांगितलं होतं की छोट्या गिगचं कुणी विचारत नाही, वाजव बिनधास्त. मी वाजवलं नाही म्हणून आज इथे आहे. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत घरात हेडफोन लावून वाजवत होतो, ती वर्षं फार जड गेली हेही सांगतो.

सामानाचं विचारलंयस. अँप (अँप्लिफायर) आणू नकोस, आपल्याकडे 230 व्होल्ट, इकडे 120. गिटारचा आवाज बदलणारी पेडल आण, 9 व्होल्टचा अडॅप्टर इथे घेता येतो. आणि अकुस्टिक आणलीस तर ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा ठेवणारं यंत्र, पहिल्या आठवड्यात घे. माझी गिटार बाबांनी बारावीनंतर घेऊन दिलेली होती. पहिल्या जानेवारीत बाहेर उणे 15, आत हीटर चोवीस तास, एके दिवशी वाजवायला घेतली तर फ्रेटची, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बोटाला टोचायला लागली, लाकूड आकसलं होतं आणि धातू तेवढाच राहिला होता. मला कळलंच नाही काय होतंय. आठवड्याने ब्रिजच्या खाली केसाएवढी चीर दिसली, आणि नख फिरवलं की अडकायचं. खोलीतली आर्द्रता 45 ते 50 टक्के ठेवायची असते हे मला दुकानदाराने चीर बुजवताना सांगितलं.

माझं मत विचारशील तर कर्ज आत्ता काढू नकोस. दोन वर्षं तिकडेच थांब, पुण्या-मुंबईला दर आठवड्याला वाजवायला जा, स्वतःची गाणी लिही, रेकॉर्ड कर, छापून आलेली प्रत्येक ओळ जपून ठेव, तीच उद्या ओ-1 ला लागेल. यायचंच असेल तर स्कॉलरशिप घेऊन ये, आणि ऑडिओ टेक्नॉलॉजीचे काही कोर्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) धरतात, त्यात ओपीटी आणखी 24 महिने वाढते, ते कॉलेजला आधी विचारून घे.

आणि या आठवड्यात एक कर. तीन आवाजांचं कुठलंही गाणं घे, मराठी चालेल, वरचा आवाज तुझा, फोनवर रेकॉर्ड करून पाठव, एडिट न करता. रविवारी सकाळी मी मोकळा असतो, तुझ्याकडे रात्र होत आलेली असते, तेव्हा कॉल कर, ऐकून बोलू.