सावलीत, छायेत की सावटाखाली?

प्रश्न असा आहे : ‘डच चित्रकार रेम्ब्रांटच्या स्वचित्राबद्दल (त्यानं स्वतःच काढलेल्या स्वतःच्या चित्राबद्दल) लिहिताना मी “डोळे सावलीत आहेत” असं लिहिलं. बहिणीनं ते खोडून “छायेत” केलं. बरोबर काय?’

माझा कौल बहिणीला.

सावली म्हटलं की आधी ऊन आठवतं. भर दुपारी चालून आलेला माणूस झाडाच्या सावलीत टेकतो, आईबापांची सावली डोक्यावर असते. या शब्दात गारवा आहे, आसरा आहे. म्हणून ‘डोळे सावलीत’ वाचलं की माणूस उन्हातून येऊन विसावल्यासारखा वाटतो. सावट याच्या अगदी उलट : दुष्काळाचं सावट, युद्धाचं सावट. सावटाखाली कुणी विसावत नाही. छाया मात्र दोन्हीकडे जाते. छत्रछाया मायेची असते आणि चेहऱ्यावर दुःखाचीही छाया पसरते. ती भाव आधीच ठरवून टाकत नाही. चित्राबद्दल लिहिताना मला हेच फार मोलाचं वाटतं.

तुम्ही म्हणता ते चित्र १६२८ च्या सुमाराचं, आता ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये असलेलं. उंची जेमतेम वीतभर. रेम्ब्रांट तेव्हा बाविशीच्या आसपास होता. उजेड पडलाय तो गालावर, कानाच्या पाळीवर, मानेवर. विस्कटलेल्या केसांच्या बटा त्यानं ओल्या रंगात कुंचल्याच्या मागच्या टोकानं ओरखडून काढल्या आहेत. आणि डोळे, जिथे आपण माणसाला शोधतो, तेच काळोखात. थोडा वेळ बघत राहिलं की ते उमटू लागतात. इथे ना विसावा आहे, ना धास्ती. म्हणून ‘छायेत’.

पण सावली चित्रातून हद्दपार करू नका. नाकाची वरच्या ओठावर पडते किंवा माणसाची मागच्या भिंतीवर पडते, ती सावलीच. वस्तूचा आकार घेऊन दुसरीकडे पडते ती सावली. गोलाई वळली की त्याच अंगावर दाटत जाते ती छाया.

उजेड आणि काळोख असे समोरासमोर ठेवण्याच्या या तंत्राचं इटालियन नाव किआरोस्कुरो : किआरो म्हणजे उजळ, स्कुरो म्हणजे गडद. आपल्या ‘छायाप्रकाश’मध्ये छाया आधी येते आणि या चित्राला तो क्रम शोभतोही. काहीजण ‘ऊनसावली’ लिहितात, ते मात्र टाळावं. त्यात मोकळं आकाश आणि पळते ढग येतात, बंद खोलीतला एका बाजूचा उजेड येत नाही.

तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘डोळे छायेत आहेत, पण बघताहेत ते आपल्याकडेच.’