मोठ्या दुर्बिणीचा घुमट डिझाइन करताना आधी काय बघावं, वाऱ्याचा भार की वजन?

तुम्ही लिहिलंय की सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला १० मीटरच्या दुर्बिणीचा घुमट प्रोजेक्टला घेतलाय आणि सुरुवात कुठून करावी कळत नाही. वारा आणि वजन दोन्ही नंतर. आधी उष्णता बघा.

माझं हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम आहे. इथल्याच एका कॉलेजने गच्चीवर दुर्बीण बसवायची ठरवली आणि घुमट माझ्याकडे आला. माझ्या ड्रॉइंगमध्ये चारही बाजूंना उघडझाप होणारे लूव्हर, म्हणजे पट्ट्यांचे झरोके होते आणि वरून अल्युमिनियम पेंट. कमिटीतले एक साहेब म्हणाले, "काहून एवढी भोकं पाडता भाऊ? धूळ येते ना!" लूव्हर रद्द. रंग पांढरा, कारण फोटोत शोभतो. आत एसी. मे महिन्यात रात्री दहाला भिंतीला हात लावला तर वीट चटका देत होती. वरची झडप उघडली की आतली सगळी गरम हवा दुर्बिणीच्या तोंडासमोरूनच वर निघायची. शनीची कडी बिंबापासून सुटी दिसेना, सगळं नुसतं थरथरत होतं. खिडकी बंद करून कूलर लावला तर काय होतं हे नागपुरात लहान पोरालाही माहीत आहे, पण कमिटीने दोष दिला दुर्बीण विकणाऱ्याला.

हवाईतल्या मौना की डोंगरावरच्या ३.६ मीटरच्या कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बिणीचंही हेच दुखणं होतं. तिच्या जुन्या घुमटाला शेवटी १२ मोठे झरोके कापून बसवावे लागले. शेजारच्या जेमिनी दुर्बिणीला झरोके पहिल्यापासून आहेत आणि रंग चंदेरी. पांढरा रंग दिवसा ऊन परतवतो, पण रात्री मोकळ्या आकाशाकडे इतकी उष्णता सोडतो की पत्रा हवेपेक्षा गार पडतो आणि त्याला लागून गार झालेली हवा झडपेतून आत उतरते. अल्युमिनियमचं तसं होत नाही. एसीला माझा विरोध नाही. चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीत तो दिवसा, दारं बंद असताना चालवतात, म्हणजे संध्याकाळी आरसा रात्रीच्या हवेइतकाच गार असतो.

वजनाचं म्हणाल तर ते आकारावर जातं, आणि आकार आरशाच्या व्यासापेक्षा नाभीय अंतरावर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतच्या अंतरावर. अमेरिकेतल्या पालोमारच्या दुर्बिणीचा आरसा ५ मीटरचा, घुमट सुमारे ४१ मीटरचा. मौना कीवरच्याच केक दुर्बिणीचा आरसा १० मीटरचा, तरी घुमट पालोमारच्या घुमटाहून लहान. घुमट फिरवायची बोगी, रेल, ड्राइव्ह हे सगळं त्यानंतर.

एक मात्र आहे, झरोके सताड उघडे ठेवले तर वाऱ्याने दुर्बीण हलते. म्हणून ते कमीजास्त करता आले पाहिजेत आणि झडपेला वारा अडवणारा पडदा हवा. धूळही येते, पण वावटळ सुटली की लूव्हर बंद करता येतात. न ठेवलेले लूव्हर उघडता येत नाहीत. वादळातला भार घुमट पूर्ण बंद धरून काढा, तिथे स्टाड (STAAD, स्ट्रक्चरचं गणित करणारं सॉफ्टवेअर) लागेलच. आणि व्हायव्हात कोणी भोकांवरून अडवलं तर त्या कॅनडा-फ्रान्स-हवाईच्या घुमटाचे आधीचे आणि नंतरचे फोटो समोर ठेवा.