बडोद्याजवळच्या ओढ्यावरच्या जुन्या लोखंडी ट्रस (त्रिकोणी सांगाड्याच्या) पुलाचा रिव्हेट (पत्रे जोडणारी ठोकून बसवलेली खीळ) ढिला झालाय हे कसं ओळखावं? त्या जागी साधा बोल्ट चालेल का?

रिव्हेटच्या टोपीच्या (डोक्याच्या) कडेला, टोपी आणि पत्रा दोन्हींना टेकेल असं बोट ठेवा. समोरच्या कडेवर शंभरेक ग्रॅमची हातोडी मारा. ढिला असेल तर बोटाला हालचाल जाणवते. टोपीखालून तांबूस ओघळ आला असेल तर संशय पक्काच.

साधा बोल्ट नकोच. भोकात तो सैल बसतो, जोड सरकतो आणि शेजारचे रिव्हेटही ढिले पडतात. भोक रीमरने (भोक गुळगुळीत, नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने) साफ करून घट्ट बसणारा टर्न्ड बोल्ट (लेथवर नेमक्या मापाचा केलेला) घाला. एका वेळी एकच रिव्हेट काढा, तोही ड्रिलने. गॅस कटरने मूळ पत्रा जळतो.

खालच्या सांध्यांत साचलेली माती आधी उपसा. ओल तिथेच मुरते आणि फुगलेला गंज पत्रे वाकवतो. नुसता रंग मारणं म्हणजे गंज झाकणं!