दऱ्यांचा दर्या कोण करतो?

प्रश्न असा: ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ लिहून पाठवलेली फाईल छापखान्यातून ‘सह्याद्रीच्या दर्या’ होऊन आली, दोष फॉन्टचा का? शिवाय ऱ खालचा ठिपका हा हिंदीचा नुक्ता, मराठीत तो नको, असे एका जाणकारांचे म्हणणे.

फॉन्टवर खापर फोडणे आता पुरे. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत ‘किनार्यावर’, ‘खार्या पाण्यात’ अशा पाट्या वाचून डोळे दुखले. दरी, किनारा, खारा यांत र स्वरासकट आहे, म्हणून रूपात ऱ्य, आणि आधीच्या अक्षरावर आघात नाही. दर्या, सूर्य यांत र्य मूळचाच. नियम एवढाच.

खरी मेख साठवणीत आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, ऱ्य मधला हा आडवा र तीन तऱ्हांनी साठतो (कंसात अक्षरांचे क्रमांक): एक, ऱ (०९३१) आणि हलन्त (०९४डी); दोन, साधा र (०९३०), सुटा नुक्ता (०९३सी) आणि हलन्त; तीन, साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (२००डी). पुढे य आला की तिन्ही सारखेच दिसतात. पहिले दोन युनिकोडच्या लेखी एकच. नुक्ता चुकून हलन्तानंतर पडला तरी चालते. खुणांचा क्रम ठरवणारा त्याचा क्रमवर्ग ७, हलन्ताचा ९, त्यामुळे सामान्यीकरणात (एकच मजकूर एका ठरलेल्या साच्यात आणताना) तो आपसूक आधी जातो. जोडकाची तऱ्हा मात्र या दोघांशी कधीच जुळत नाही. शोधातही ती सापडेलच असे नाही, आणि एखाद्या सॉफ्टवेअरने तो अदृश्य जोडक कचरा समजून काढला की उरतो निव्वळ रफार. परशुरामाने हटवलेला दर्या असा परत दऱ्यांत शिरतो!

तरी ‘जोडक हीच शुद्ध पद्धत’ असे शिकवणारे आहेतच. युनिकोड मानकात ती सोय केवळ त्याच्याच जुन्या २.० आवृत्तीशी जुळावे म्हणून ठेवली आहे, हे वाचायचे कष्ट कोण घेणार?

आता तो ‘हिंदीचा’ ठिपका. हिंदीला ऱ लागतो कुठे? युनिकोडच्या यादीत या अक्षरापुढे नोंद आहे ती द्राविडी र लिहिण्यासाठी अशी. म्हणजे हा पाहुणा दक्षिणेचा, ‘तमिऴ’मधल्या ऴ चा सोबती. त्याच्या अर्ध्या रूपाला आपला आडवा र मानायचे, हे इस्की या भारतीय मानकाकडून आले. गंमत पुढेच आहे. एनएफसी या नावाच्या सामान्यीकरणात हिंदीचे ड़, ढ़ फुटून अक्षर आणि नुक्ता वेगळे होतात. ऱ आणि ऴ एकसंध राहतात. मग परका कोण? माझ्या मते ऱ ला वर्णमालेतच जागा द्यावी, पण ते असो.

इन्स्क्रिप्ट या कळफलकावर शिफ्टसह र ची कळ दाबा, मग हलन्त, मग य. ठिपका क्षणभर दिसून गडप होतो. घाबरून तो पुसू नका. जुन्या फाईलमध्ये ‘र, हलन्त, जोडक’ शोधून त्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. कुऱ्हाड, तऱ्हा यांतला ऱ्ह ही त्यातच सुधारतो. जोडक आधीच गळालेला असेल तर मात्र सरसकट बदल नको. ‘सूऱ्य’, ‘आचाऱ्य’ निघतील आणि सगळी फाईल पुन्हा डोळ्यांखालून घालावी लागेल.