वॉर्डातले शॉर्टफॉर्म: इंग्लंडला निघालेल्या सिस्टरना उत्तर

सिस्टर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातल्या खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत काम करताय, ओईटी ही इंग्रजीची आणि सीबीटी ही नर्सिंगची कॉम्प्युटरवरची परीक्षा झालीय, इंग्लंडच्या एका एनएचएस (सरकारी आरोग्यसेवेच्या) हॉस्पिटलची ऑफर आलीय आणि मैत्रिणीने पाठवलेली चारशे शॉर्टफॉर्मची पीडीएफ पाठ करणं चाललंय. ती पुरेल का, आणि पहिल्या ड्यूटीला ओव्हर (आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती) घेताना काही कळलंच नाही तर काय करायचं?

पीडीएफ आधी बंद करा. तिच्यातल्या ज्या चार ओळी तुम्ही नमुना म्हणून लिहिल्यात, त्यावरूनच कळतं की ती अमेरिकेची आहे. उपाशी ठेवायच्या पेशंटला तिथे एनपीओ म्हणतात. इंग्लंडमध्ये एनबीएम, म्हणजे आपण बेडला जी पाटी अडकवतो तीच. ‘क्यूडी’ (रोज एकदा) तर अमेरिकेतही नको झालंय, हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या तिथल्या जॉइंट कमिशनच्या ‘वापरू नका’ यादीत ते 2004 पासून आहे. आणि ओडी म्हणजे आपल्याकडे आणि इंग्लंडमध्ये दिवसातून एकदा, तर अमेरिकेत उजवा डोळा. कुठलीही यादी हातात आली की आधी ती कुठल्या देशाची ते बघा.

यादी पाठ करण्यात मला एक मोठी खोट दिसते. जी अक्षरं तुम्ही कधी पाहिलीच नाहीत ती तुम्ही शेजारच्या नर्सला विचारणारच. घात करतात ती ओळखीची वाटणारी अक्षरं, कारण तिथे विचारावंसं वाटतच नाही. त्यामुळे मी सांगतोय ते आधी त्यांच्याबद्दल.

ओटी घ्या. आपल्याकडे ‘पेशंट ओटीत पाठवला’ म्हणजे ऑपरेशनला गेला. इथे, म्हणजे इंग्लंडमध्ये, ऑपरेशन होतं ते थिएटरमध्ये. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट: आजी घरी गेल्यावर जिना चढू शकतील का, संडासच्या सीटवरून उठता येईल का, स्वतःचा चहा करता येईल का, हे तपासणारी व्यक्ती. कधीकधी पेशंटला वॉर्डाजवळच्या स्वयंपाकघरात नेऊन खरोखर चहा करायला लावतात. ‘ओटी रिव्ह्यू बाकी’ वाचून पेशंटला उपाशी ठेवू नका, एवढंच.

पीआर आपल्या टीपीआर चार्टवर नाडीचा वेग. इथे पीआर म्हणजे गुदद्वारातून. ‘पॅरासिटामोल पीआर’ म्हणजे सपोझिटरी, ‘पीआर ब्लीड’ म्हणजे शौचातून रक्त. पीओसीचे दोन अर्थ तर एकाच इमारतीत नांदतात. मेडिसिन वॉर्डात पीओसी म्हणजे घरी गेल्यावर मदतनीस किती वेळा येणार याची व्यवस्था, पॅकेज ऑफ केअर. स्त्रीरोग विभागात तेच अक्षर गर्भपातानंतरच्या अवशेषांसाठी वापरतात. बदली वॉर्डात ड्यूटी लागली तर हे ध्यानात असू द्या. आणि ओडी दिवसातून एकदा हे खरं, पण कॅज्युअल्टीत, ज्याला इथे ए अँड ई किंवा ईडी म्हणतात, ‘?ओडी’ लिहिलेलं दिसलं तर पेशंटने गोळ्यांचा ओव्हरडोस घेतल्याचा संशय आहे.

औषधांच्या वेळा तुम्हाला जवळजवळ सगळ्या येतात. बीडी (दोनदा), टीडीएस (तीनदा) तेच. चार वेळच्या क्यूआयडीला इथे क्यूडीएस म्हणतात, रात्रीच्या एचएसला ओएन, सकाळी ओएम, आणि आपल्या एसओएसला (गरज पडली तर) पीआरएन. स्टॅट (लगेच) म्हणजे स्टॅटच. अडचण येते ती नावांची. आपण पॅन 40, एमसेट, लॅसिक्स अशी ब्रँडची नावं तोंडात बसवून आलेलो असतो. इथे चार्टवर पॅन्टोप्राझोल, ऑन्डान्सेट्रॉन, फ्युरोसेमाइड लिहिलेलं असतं. एनटीजी (नायट्रोग्लिसरीन) इथे जीटीएन होतं. आरएलची (रिंगर लॅक्टेट सलाईनची) बाटली शोधाल तर हार्टमन्स सापडेल. निघण्यापूर्वी मोकळा वेळ असेल तर तो या जेनेरिक नावांवर घालवा, चारशे शॉर्टफॉर्मपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आता ओव्हर. इथे प्रत्येकाच्या हातात छापील हॅन्डओव्हर शीट असते आणि एका पेशंटची ओळ साधारण अशी: ‘82, स्त्री, # एनओएफ, पोस्ट-ऑप दिवस 4, एनकेडीए, ए/ओ 1 झिमरसह, बीएनओ 3/7, टीडब्ल्यूओसी उद्या, एमएफएफडी, पीओसीची वाट, डीएनएसीपीआर.’ सांगणारी नर्स हे एका दमात वाचते, तेही स्कॉटिश किंवा लिव्हरपूलच्या हेलात.

सोडवून बघू. जाळीसारखी खूण म्हणजे फ्रॅक्चर, एनओएफ म्हणजे मांडीच्या हाडाची मान. एनकेडीए म्हणजे कुठल्याही औषधाची ॲलर्जी असल्याची माहिती नाही. ए/ओ 1 म्हणजे उठवायला एक माणूस लागतो, झिमर म्हणजे चालायची चौकट. टीडब्ल्यूओसीचा उच्चार ‘ट्वॉक’ असा करतात: कॅथेटर काढून आजींना आपणहून लघवी होते का ते बघायचं. एमएफएफडी म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीने घरी जायला हरकत नाही. मग बाई अजून बेडवर का? कारण पुढचं अक्षर, पीओसी. आपल्याकडे डिस्चार्ज अडतो तो बिलामुळे, इथे घरच्या मदतनीसामुळे अडतो.

‘3/7’ नीट बघा. ती तीन जुलै ही तारीख नव्हे. खाली 7 असेल तर दिवस, 52 असेल तर आठवडे, 12 असेल तर महिने. बीएनओ 3/7 म्हणजे तीन दिवस शौचाला झालेलं नाही. ‘6/52 नंतर ओपीडी’ म्हणजे सहा आठवड्यांनी. ही पद्धत मला कुठल्याच यादीत नीट समजावलेली दिसली नाही आणि ती वॉर्डात सगळीकडे आहे.

डीएनएसीपीआरवर जरा थांबतो, कारण आपल्याकडून आलेल्यांना ही पाच-सात अक्षरं पचायला वेळ लागतो. अर्थ एवढाच की हृदय बंद पडलं तर छाती दाबून ते सुरू करायचा प्रयत्न करायचा नाही. अँटिबायोटिक चालू राहतं, सलाईन चालू राहतं, दुखणं कमी करणं चालू राहतं, लागलं तर पेशंट एचडीयूतही (आयसीयूच्या खालोखाल देखरेखीचा वॉर्ड) जातो. ‘आता काही करायचं नाही’ असा त्याचा अर्थ कुणी घेत असेल तर तो चुकतोय, मग तो कितीही सीनियर असो. हा निर्णय नातेवाइकांच्या सहीवर होत नाही; तो वैद्यकीय असतो, पण तो घेताना पेशंटला सहभागी करून घेतलंच पाहिजे, फारच सबळ कारण असल्याशिवाय ते टाळता येणार नाही, असं इथल्या अपील न्यायालयाने 2014 साली सांगितलं. काही हॉस्पिटलांत याऐवजी रिस्पेक्ट नावाचा फॉर्म असतो. शिफ्टच्या सुरुवातीलाच कोणाचा कागद आहे आणि कोणाचा नाही हे बघून ठेवा, कारण अरेस्ट झाल्यावर फाइल उलटायला वेळ नसतो. आपला कोड ब्लू म्हणजे इथे 2222 हा नंबर फिरवायचा.

मग येतं न्यूज 2, पेशंट बिघडतोय हे वेळेत ओळखायचा गुणांक. तुम्ही आयसीयूच्या आहात म्हणून तुम्हाला ते सोपं वाटेल, तरी बघा. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 साली काढलेली ही गुणपद्धत आहे: श्वास, ऑक्सिजन सॅच्युरेशन, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, शिवाय ऑक्सिजन लावलेला असेल तर 2 जास्त. समजा श्वास 22, ऑक्सिजनवर सॅच्युरेशन 94, बीपी 108, नाडी 104, ताप 38.4, पेशंट जागा आणि भानावर. एकही आकडा बघून कोणी पळत सुटणार नाही. पण गुण होतात 2, 1, 2, 1, 1, 1, म्हणजे 8. पाचला डॉक्टरांनी तातडीने बघायचं असतं, सातला आणीबाणी. सीओपीडीच्या (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या) ज्या पेशंटमध्ये कार्बन डायऑक्साइड साठतो त्याच्यासाठी ‘स्केल 2’ आहे, तिथे सॅच्युरेशनचं लक्ष्य 88 ते 92. तो स्केल कोणाला लावायचा हे डॉक्टर ठरवून लिहितात, आपण नाही.

ताप सेल्सिअसमध्ये आहे हे लक्षात आलं असेलच. 38.4 म्हणजे आपला 101. साखरेचंही तसंच. ‘बीएम कर’ म्हणजे बोटातून साखर तपास. बोहरिंगर मॅनहाइम या कंपनीच्या पट्ट्या गेल्या, अक्षरं राहिली. आकडा मिलिमोलमध्ये येतो, त्याला 18 ने गुणलं की आपलं जीआरबीएस, म्हणजे मिलिग्रॅममधली साखर. 15 ऐकून दचकू नका, ते 270 आहे. 4 च्या खाली मात्र हालचाल करा, कारण ते 72 च्या खाली. हिमोग्लोबिन 78 म्हणजे 7.8. पहिले काही आठवडे डोक्यात हा हिशेब चालू राहतो, नंतर आपोआप सुटतो.

आठ गुण झाले, आता डॉक्टरांना फोन. त्याची चौकट एसबीएआर, मुळात अमेरिकी नौदलातून आलेली: काय चाललंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, आणि तुम्ही काय करावं. पहिले दोन भाग आपल्या सिस्टर उत्तम सांगतात. अडतात त्या शेवटच्या आरला. ‘सर, एकदा बघून जाता का’ अशी आपली सवय असते, आणि समोर असतो पहिल्या वर्षाचा डॉक्टर, म्हणजे एफ1, कदाचित तुमच्या धाकट्या भावाच्या वयाचा, ज्याला सगळे पहिल्या नावाने हाक मारतात. त्याला सांगायचं असतं: मला हा पेशंट सेप्सिसचा (गंभीर जंतुसंसर्गाचा) वाटतो, तू आत्ता ये, आणि तोवर मी काय सुरू करू ते सांग. कोणी तुम्हाला उद्धट म्हणणार नाही. उलट तुम्ही मागणी स्पष्ट केली नाही तर तो आधी दुसरा पेशंट बघायला जाईल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

वाचायला हे सगळं यायला हवं, लिहायला मात्र शक्य तितकं टाळा. एनएमसीच्या, म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलच्या, आचारसंहितेच्या 10.4 कलमात नोंदींमध्ये अनावश्यक शॉर्टफॉर्म नकोत असं सरळ म्हटलंय, आणि ऑस्कीत (नोंदणीसाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत) केअर प्लॅन लिहितानाही पूर्ण शब्द लिहिणंच सुरक्षित. दोन ठिकाणी तर सूटच नाही. इन्सुलिनपुढे ‘यू’ लिहायचं नाही, ‘युनिट्स’ असा अख्खा शब्द लिहायचा, कारण 10यू घाईत 100 वाचलं जातं. 2010 साली इंग्लंडमध्ये याबद्दल देशभर सुरक्षा सूचना निघाली होती. आणि मायक्रोग्रॅम अख्खा, ‘एमसीजी’ नाही. आपल्याकडच्या केस पेपरवर हे दोन्ही सर्रास असतं, त्यामुळे हाताला वळण आत्तापासूनच लावा, कोल्हापुरातच.

ऐनवेळी अडलात तर विचारा, फक्त विचारताना अंदाज सांगू नका. ‘टीटीओ म्हणजे अमुकच ना?’ असं विचारलं की घाईतला माणूस हो म्हणून मोकळा होतो. ‘टीटीओ म्हणजे काय?’ असं विचारलं की तो सांगतो: पेशंटने घरी न्यायची औषधं. काही ठिकाणी त्यालाच टीटीए म्हणतात, आणि प्रत्येक वॉर्डाचे स्वतःचे दोन-चार घरगुती शॉर्टफॉर्म असतात, जे शेजारच्या वॉर्डालाही कळत नाहीत.

खिशात छोटी वही ठेवा, पण तिच्यात अक्षरं आणि अर्थच लिहा. पेशंटचं नाव, बेड नंबर काहीही नाही. हॅन्डओव्हर शीट ड्यूटी संपताना गोपनीय कागदांच्या डब्यात टाकायची. गणवेशाच्या खिशातून ती घरी गेली आणि बसमध्ये पडली, तर तो माहिती फुटल्याचा प्रकार धरला जातो आणि चौकशी लागते.