लेझर न मारताही सेल्स मरतायत? आधी सुपरनॅटंट तपासा

तुमची पोस्ट वाचली आणि माझं पीएचडीचं तिसरं वर्ष डोळ्यासमोर उभं राहिलं. गोल्ड नॅनोरॉड (सोन्याच्या अतिसूक्ष्म कांड्या, लेझर पडला की तापून कॅन्सरच्या सेल्स मारणाऱ्या) टाकले की लेझर न मारताही निम्म्या सेल्स मरतायत, मग सोनंच टॉक्सिक आहे का, असं विचारलंयत. माझ्या मते दोष सोन्याचा नाही, रॉड बनवताना वापरलेल्या आणि मागे उरलेल्या सीटॅब या रसायनाचा आहे. रॉड कसे बनवायचे ते तुम्हाला येतंच, त्यात जात नाही.

तुम्ही निदान अंधारातली प्लेट ठेवलीत, मी डार्क कंट्रोल, म्हणजे रॉड आहेत पण लेझर नाही असा गट, ठेवलाच नव्हता. एकीकडे नुसत्या सेल्स, दुसरीकडे रॉड आणि ८०८ नॅनोमीटरचा लेझर, बस. सेल्स मेल्या की उष्णतेनेच मेल्या असं धरून आठ महिने डेटा काढत बसले. एकदा लेझर बंद पडला म्हणून प्लेट तशीच इन्क्युबेटरमध्ये राहिली, दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघते तर सेल्स गोल होऊन तळापासून सुटलेल्या, लेझर लागलेलाच नसताना! मग रॉड सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवून वरचं नुसतं पाणी, म्हणजेच सुपरनॅटंट, नव्या सेल्सवर टाकलं, तरी तेच. आठ महिने पाण्यात. रडले त्या दिवशी.

सीटॅब साबणाच्या जातीचा, सेलचं आवरणच फोडतो. म्हणून हा सुपरनॅटंटचा प्रयोग आजच करा. रॉड दोनदा धुऊन थायॉल-पेग (सोन्याला चिकटून सीटॅबची जागा घेणारं पॉलिमर) लावा, मग परत धुवा. पेगआधी जास्त धुतलंत तर रॉड गोळा होतात, लालसर तपकिरी रंग निळसर राखाडी होतो आणि ट्यूबला चिकटतो, तो बॅच टाकूनच द्या. नुसता लेझर, नुसते रॉड, दोन्ही आणि दोन्ही नाही, हे चारही गट एकाच प्लेटवर हवेत. प्रकाश पडेल तिथेच मारायचं हाच तर या उपचाराचा मुद्दा आहे ना. आणि प्रोस्टेटच्या १६ पेशंटवरचा २०१९ चा पेपर बघून डोस ठरवू नका, तिथे सिलिकावर सोन्याचं कवच होतं, रॉड नव्हते.

लेझरची पॉवर मीटरनेच मोजा, डब्यावरचा आकडा धरू नका. आमच्या मीटरची फाईल परचेसला सात महिने पडून होती, तिसरं कोटेशन आणलं तोवर पहिल्याची मुदत संपलेली, सांगायला कोणी तयार नाही, आजही संताप होतो.

मी फक्त सेल लाईनवर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या सेल्सवर काम केलंय, प्राण्यांवर नाही, तेव्हा पुढचं गाईडला विचारूनच करा. आणि हो, थंडीत सीटॅबच्या बाटलीत तळाशी पांढरे स्फटिक दिसले तर कोमट पाण्यात ठेवून पूर्ण विरघळवा, मगच वापरा.